चला, घाट चढू या!

बालमित्रांनो, चला, आज मुरबाडहून इगतपुरीला जाऊ. एस.टी.नं सरळगाव, किन्हवली करत शहापूर गाठायचं. जवळच आसनगाव स्टेशन. गाडी सुटली की डावीकडे माहुलीचे सुळके दिसतात. पण हल्ली खिडकीशी बसलेली मुलंही मोबाइलमध्ये मान घालून गेम खेळतात! आटगाव गेलं, खर्डी गेलं, पत्ताच नाही.

गेम खेळणं वाईट नाही, बरं का. पण थांबायचं ठरवूनही थांबता येत नाही, झोप, अभ्यास, मित्र सारं मागं पडतं आणि असं महिनोन्‌महिने चालतं, तेव्हा तो आजार असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली मंजूर केलेल्या आजारांच्या यादीत त्याचं नाव आहे.

आलं कसारा! पुढे थळ घाट. दर ३७ मीटरला १ मीटर चढ! म्हणून इथे बहुतेक गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं जोडतात.

घाटमाथ्यावर इगतपुरी. इथलं ‘धम्मगिरी’ हे विपश्यना केंद्र सत्यनारायण गोएंका यांनी १९७६ साली सुरू केलं. हा काही व्यसनमुक्तीचा दवाखाना नव्हे. पण मुलांना शिकवतात ते ‘आनापान’ आपल्या कामाचं आहे. डोळे मिटून शांत बसायचं. श्वास आत येतो, बाहेर जातो, तेवढंच पाहायचं. मन पळालं? न रागावता परत आणायचं.

याचा गेमशी काय संबंध? मुरबाडची काळू नदी आठवा. पावसात पाणी चढतं, मग ओसरतं. चढत्या पाण्यात शहाणा माणूस उतरत नाही, काठावर थांबतो. गेमची हुक्कीही तशीच चढते नि ओसरते. श्वासाकडे लक्ष देत काठावर थांबायचं. अमेरिकेत गेमच्या आहारी गेलेल्या ३० प्रौढांवर असा प्रयोग झाला. त्याचा अहवाल २०१७ साली आला. ८ आठवडे सजगतेचे धडे घेतलेल्यांची ओढ, नुसता गटाचा आधार मिळालेल्यांपेक्षा जास्त कमी झाली. प्रयोग लहान होता, पण आशा वाटावी असा.

मग आज पाच मिनिटं बसून पाहाल? पालकहो, तुम्हीही मोबाइल बाजूला ठेवून शेजारी बसा.

आणि एकट्यानं जमलं नाही, तर लाजू नका. आईबाबांना, गुरुजींना सांगा. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी मोफत नंबरही आहे. एवढ्या मोठ्या रेल्वेगाडीलासुद्धा घाटात मागून इंजिन लागतंच की!