गिरणगावात वाढलेले मनोरे

मागे एका कामासाठी मुंबईस जाण्याचा योग आला. बरोबर आमच्या गावचे तात्या होते. तात्या आता सत्तरीकडे झुकले आहेत. तरुणपणी त्यांनी परळच्या एका कापड गिरणीत बदली कामगार म्हणून काम केले होते. आमचे काम दुपारीच उरकले, तेव्हा तात्या म्हणाले, "साहेब, आलोच हाय तर आमची गिरणी बघून जाऊ." दादरहून लोकल धरली आणि करी रोडला उतरलो.

बाहेर येऊन तात्या चहूकडे पाहत उभेच राहिले. जिथे धुराडी दिसायची तिथे आता काचेचे मनोरे उभे आहेत. काही पुरे झालेले, काहींच्या डोक्यावर अजून क्रेन फिरते आहे. श्रीनिवास मिलच्या जागेवरचा 'वर्ल्ड वन' हा मनोरा सुमारे २८० मीटर उंच आहे. म्हणजे चार कुतुबमिनार एकावर एक ठेवावेत, जवळजवळ तेवढा! मूळ बेत तर ४४० मीटरचा होता. पण विमानांच्या मार्गामुळे एवढ्या उंचीला परवानगी मिळाली नाही.

आम्हा शेतीकडच्या माणसांची नजर आधी जमिनीकडे जाते. मुंबई ही मुळात सात बेटे. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधून भरतीचे पाणी आत शिरत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे बांध घातला, तेव्हा आतली सखल खाजण जमीन हळूहळू वापरात आली. अशा भरावाच्या जमिनीवर एवढे ओझे कसे तरते? त्याचे उत्तर जमिनीखाली आहे. वरची भराव-माती सोडून थेट काळ्या पाषाणापर्यंत पाया नेतात. इमारतीच्या पोटात लिफ्टभोवती जाड काँक्रीटच्या भिंती असतात. तो तिचा कणा. तयार काँक्रीट गाडीतून येते आणि पंपाने नळातून वर चढते. नदीची वाळू दुर्मिळ झाल्यामुळे आता खडी दळून केलेली वाळू वापरतात.

एका कामाच्या दारात मजूर चहा पीत उभे होते. बहुतेक बिहार, झारखंडकडचे. एक पोरगा मात्र परभणीकडचा निघाला. "चार एकर कोरडवाहू हाय, दोघं भाऊ. एकानं बाहेर पडावंच लागतंय," तो म्हणाला. तात्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मी बी असाच आलो व्हतो रं."

गिरणगाव बहुतांशी असेच भरले. मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली. पुढे कोकणातून आणि घाटावरून माणसे आली. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपली, बायांच्या खानावळीत जेवली आणि दरमहा गावी मनीऑर्डर करीत राहिली. त्या पैशावर आपल्याकडे किती विहिरी खणल्या गेल्या, किती बैलजोड्या आल्या! १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप फुटला नाही आणि मिटलाही नाही. एकेक गिरणी बंद होत गेली. तात्या गावी परतले ते कायमचेच.

गिरण्या गेल्या, पण त्यांची सुमारे ६०० एकर जमीन राहिली. खरी गोष्ट इथे सुरू होते. १९९१ साली सरकारने नियम केला की गिरणीची जमीन विकसित करताना तिचे ढोबळमानाने तीन वाटे व्हावेत : एक मैदान-बागेसाठी महापालिकेला, एक सामान्यांच्या घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ साली या नियमाचा अर्थ बदलण्यात आला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची. गिरणीच्या इमारती पाडून मोकळी होईल ती धरायची नाही, असे ठरले. आता गिरणीत मोकळी जागा ती किती असणार? सगळीकडे खाती आणि गोदामे. प्रकरण न्यायालयात गेले आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला. एका शब्दाच्या अर्थाने मैदानाचा आणि घरांचा वाटा आक्रसून गेला.

त्या जमिनीचे मोल किती, तेही ऐका. मुंबई टेक्स्टाईल मिलची सुमारे १७ एकर जागा २००५ साली ७०२ कोटींना विकली गेली. २०१२ साली तीच जागा सुमारे २७०० कोटींना पुन्हा विकली गेली. एकरी ४१ कोटींचे सात वर्षांत १५८ कोटींवर झाले. कामगारांच्या घरांसाठी मात्र सुमारे दीड लाख अर्ज आले, आणि २०१२ सालच्या पहिल्या सोडतीत घरे निघाली सात हजारांहूनही कमी.

तात्यांचाही अर्ज आहे. गिरणीचे तिकीट, पगाराची पावती, प्रॉव्हिडंट फंडाचा कागद, सारे त्यांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले होते, म्हणून अर्ज तरी करता आला. त्यांच्या शेजारच्या साच्यावर काम करणाऱ्या सोबत्याने संपानंतर वैतागून सगळे चुलीत घातले. त्याच्या मुलांना आज वडील गिरणीत होते हेच सिद्ध करता येत नाही.

वाचकहो, ही हकीकत एवढ्यासाठी सांगितली की आपल्याकडेही आता रस्ते, वसाहती, कारखाने यांसाठी जमिनी मागायला माणसे येत आहेत. भाव ऐकून हुरळून जाऊ नका. करारातला प्रत्येक शब्द जाणत्या माणसाकडून वाचून घ्या. 'मोकळी', 'बागायत', 'पड' अशा एकेका शब्दावर लाखोंचा फरक पडतो. सातबाऱ्यावरील नोंदी वेळच्या वेळी तपासा आणि घरातल्या बायकांनाही कागद कुठे आहेत ते ठाऊक असू द्या. तुमचा मुलगा बांधकामावर गेला असेल, तर वर्षात ९० दिवस काम झाल्याचा दाखला घेऊन बांधकाम कामगार मंडळाकडे त्याची नोंदणी करायला सांगा. त्या परभणीच्या पोराने ती केलेली नव्हती. तात्यांनी त्याच्याकडून वचन घेतले.

निघताना संध्याकाळ झाली होती. जुन्या गिरणीची एक भिंत तेवढी उरली होती. तात्यांनी तिला हात लावला आणि म्हणाले, "साहेब, पूर्वी ह्या वेळेला भोंगा व्हायचा." वर बाराव्या-तेराव्या मजल्यावर दिवे लागत होते. आम्ही स्टेशनकडे वळलो. गाडीत तात्या फार बोलले नाहीत. घरी पोचल्यावर मात्र त्यांनी पेटी उघडली आणि नातवाला जवळ बसवून एकेक कागद दाखवला.