पपा आणि स्वर्गातला बाप

लहानपणी मला वाटायचं, देवाला चष्मा आहे. जाड काळ्या काड्यांचा, अगदी आमच्या पपांसारखा.

आमच्या नगरच्या घरी रोज रात्री जेवणाआधी कौटुंबिक प्रार्थना असायची. पपा शास्त्रपाठ वाचायचे, मग 'उपासना संगीता'तलं एखादं गीत आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. ती सुरूच होते देवाला 'पिता' म्हणून हाक मारून. त्या शब्दाला माझा आवाज आपोआप खाली यायचा. कारण आमेन झालं रे झालं, की पपांचा हिशेब सुरू. गणितात ९२ का? ८ कुठे गेले? पेन्सिल कुणी हरवली? मारलं फारसं नाही हो त्यांनी, पण शाबासकीही कधी दिली नाही. माझे ८ गुण शोधत बसलेला देव मी पार चाळिशीपर्यंत बाळगला.

शब्बाथशाळेत उधळ्या पुत्राची गोष्ट तोंडपाठ होती. त्यातला बाप मुलगा दूर असतानाच धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो. पपा धावताहेत हे चित्रच माझ्या डोळ्यांपुढे येईना! मला कळायचा तो घरी राहून राबणारा थोरला भाऊ.

मार्टिन ल्यूथरलाही बापाच्या माराची आठवण होती. एरिक एरिक्सनने १९५८ साली त्याच्यावर पुस्तक लिहून त्याच्या मनातल्या देवाच्या धाकाचं मूळ बापाच्या धाकात शोधलं. पण एवढ्या लांब कशाला? आमच्या नगरलाच राहिलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक घ्या. वडील तापट, त्यांच्याशी जमलं नाही, आणि जिच्यावर जीव ती आई लहानपणीच गेली. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या या कवीने ख्रिस्ताला आई म्हटलं. ज्ञानोबा-तुकोबांचा वारसा म्हणतात, ते खरंच आहे. पण वर्गात मराठी शिकवताना मला वाटायचं, त्या शब्दामागे घरातलीही काही गोष्ट असणार. (आणि यशयाच्या शेवटच्या अध्यायात देव स्वतःच आईसारखं सांत्वन करीन म्हणतो, हेही आहेच.)

तर, १९८९ साली पपांना अर्धांगवायू झाला. त्यांची दाढी मी करून द्यायचे. एकदा साबण लावता लावता ते बोर्डिंगबद्दल बोलू लागले. त्यांचे वडील ते तीन वर्षांचे असताना गेले, पुढे सगळं लहानपण बोर्डिंगात. तिथले सुपरिंटेंडेंट रात्री मुलांना रांगेत उभं करून मोजायचे. नखं बघायचे. एक मुलगा कमी भरला, तर कंदील घेऊन शोधायला निघायचे.

"त्यांनी मोजलं की बरं वाटायचं," पपा म्हणाले. "आपण कुणाचे तरी आहोत असं वाटायचं."

मी वस्तरा थांबवला. एवढं लांब वाक्य स्वतःविषयी ते पहिल्यांदाच बोलत होते.

त्या रात्री लूकचा १५ वा अध्याय काढला. उधळ्या पुत्राच्या आधी त्यात हरवलेल्या मेंढराची गोष्ट आहे. शंभरातलं एक नाही, हे त्या मेंढपाळाला कळलं कसं? मोजलं असणार ना! इतकी वर्षं वाचते आहे, पण हे कधी सुचलं नव्हतं.

म्हणून पपांचं सगळंच बरोबर होतं, असं मी म्हणणार नाही. आठ वर्षांच्या पोरीला ते मोजणं बोचायचंच. "देव आपल्या वडिलांसारखा आहे" असं पाळक वेदीवरून सहज म्हणतात, तेव्हा समोर बसलेल्या एखाद्या मुलाचा बाप रात्री पिऊन येत असतो, हे त्यांनी लक्षात घ्यावं. माझ्या वर्गात अशी मुलं होती.

हे सगळं मध्यंतरी धाकट्या बहिणीला सांगितलं, तर ती हसायलाच लागली. "पपा आणि कडक? अगं, मला सायकलच्या दांड्यावर बसवून भिंगारला न्यायचे ते!" माझ्याहून नऊ वर्षांनी लहान ती. तोवर पपा निवळले असावेत. ती प्रार्थनेत देवाशी चक्क भांडते, हट्ट करते. मी आपली 'हे प्रभो' म्हणणारी. अलीकडे घरात कुणी नसलं की 'बापा' म्हणून बघते कधीकधी.