झोपाळ्याची फळी

कॉमर्सच्या विद्यार्थ्याने हातात करवत धरावी, हे आमच्या घरात कोणालाच पटले नव्हते. पण तयार इलेक्ट्रिक गिटार परवडणारी नव्हती आणि माळ्यावर आजीच्या झोपाळ्याची सागवानी फळी दहा वर्षे धूळ खात पडली होती. आजी गेली, घराच्या वाटण्या झाल्या, झोपाळ्याला जागा उरली नाही. मी फळी मागितली तेव्हा बाबा बराच वेळ गप्प बसले. मग एवढेच म्हणाले, "घे. पण वाया घालवू नकोस."

या गिटारला पोकळ पोट लागत नाही. तारांखाली चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. त्याला पिकअप म्हणतात. पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि अँप्लिफायर तिचा आवाज करतो. तेव्हा अंगाचा आकार कसाही चालेल, असा सोयीस्कर अर्थ मी काढला. गिब्सन कंपनीने १९५८ मध्ये इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी गिटार काढलीच होती की! मी पुठ्ठ्यावर विजेच्या लोळाचा आकार काढला.

दांडी मात्र तयार मागवली. वरच्या नटपासून बाराव्या पडद्यापर्यंत पावणेतेरा इंच. तेथून घोडीपर्यंत पुन्हा तेवढेच, केसभर जास्त. हा हिशेब मी चोख केला आणि चित्र घेऊन वडगावच्या सुतारमामांकडे गेलो.

मामा कानडी, मी मराठी. दोघांनाही दोन्ही भाषा येतात, तरी महत्त्वाचे बोलणे ज्याच्या त्याच्या भाषेत होते. चित्र पाहून ते हसले नाहीत. टाकाऊ प्लायवूड त्या आकारात कापले, दांडी बांधली, सुतळीचा पट्टा करून माझ्या गळ्यात अडकवला. मी हात सोडताच खुंट्यांचे डोके जमिनीकडे धावले.

"तूक नोडो, तम्मा," मामा म्हणाले. म्हणजे, वजन बघ रे बाळा.

सागवान जड असते, मग तोल राहील, असे मी म्हणालो. त्यांनी मागच्या बाजूला विटेचा तुकडा बांधून दाखवला. डोके थोडे सावरले, पण पाच मिनिटांत माझा खांदा भरून आला.

चूक पट्टा अडकवण्याच्या जागेत होती. १९५४ च्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरचे वरचे शिंग थेट बाराव्या पडद्याच्या आसपास पोचते, ते शोभेसाठी नव्हे. पट्टा जितका पुढे अडकेल, तितकी दांडी सावरते. आठवडाभरात मी अकरा पुठ्ठे कापले. लोळ गेला, शिंग लांबले. उजवा हात टेकतो तेथली कड गोल झाली. बसल्यावर मांडीवर ठरावी म्हणून खाली कंबर आली.

आता अडचण फळीची. तिला झोपाळ्याच्या कड्यांची चार भोके. पुठ्ठा कसाही ठेवला तरी एखादे भोक अंगात येईच. फिरवता फिरवता ते शिंगाच्या टोकाशी आले. मी बुजवायला निघालो, तर मामा म्हणाले, "बुजवतोस कशाला? पट्टा त्यातूनच ओव."

इंग्लंडातल्या ब्रायन मे या शाळकरी मुलाने १९६३ मध्ये वडिलांबरोबर गिटार करायला घेतली. तिची दांडी जुन्या शेकोटीच्या चौकटीतल्या लाकडाची होती, आणि पुढे 'क्वीन'मध्ये त्याने तीच वाजवली. हे मी बाबांना एकदा जेवताना सांगितले होते. त्यांनी नुसती आमटी वाढून घेतली होती. पण फळी कापायच्या दिवशी ते न बोलावता वडगावला आले आणि फळीचे दुसरे टोक धरून उभे राहिले.

अँप्लिफायर अजून घ्यायचा आहे. परवा प्रथमच गिटार गळ्यात अडकवून हात सोडले. दांडी जागची हलली नाही. बाबा जवळ आले. भोकाची एक कड कडीने घासून झिजली आहे, तिच्यावरून त्यांनी बोट फिरवले.

"आई नेहमी या बाजूला बसायची," ते म्हणाले.