दूध नासवण्याची गोष्ट

परवा आमच्या घरी टॅको झाले. हो, टॅकोच. चितेगावात, पैठण रोडपासून हाकेच्या अंतरावर, आणि तेही मी केले. ज्या माणसानं पंचाहत्तरीपर्यंत चहापलीकडे गॅसवर काही चढवलं नव्हतं, त्यानं. नातेवाईक मंडळींनी आधी पोटभर हसून घ्यावं आणि मग पुढं वाचावं.

बऱ्याच जणांना माहीत आहे की गेल्या दिवाळीनंतर आमची ही न्हाणीत पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. शहरात नेऊन ऑपरेशन केलं, ते चांगलं झालं. वॉकर आला, व्यायाम शिकवायला एक मुलगा घरी येऊ लागला. तीन महिन्यांनी एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय. पण ही काही खुर्चीतून उठेना. दोन्ही हातांनी रेटा द्यायची, अर्ध्यात उठायची, परत बसायची. त्या व्यायामवाल्या मुलानंच एके दिवशी सांगितलं, "आजी, हाडाचं काही नाही आता. मांडीत मांसच राहिलं नाही. खाता काय तुम्ही?"

ही म्हणाली, "खाते की सगळं."

ते 'सगळं' म्हणजे काय, हे मला सांगता येईना. बावन्न वर्षांचा संसार आणि बायको काय खाते ते मला ठाऊक नाही! कारण सरळ आहे. ती जेवायला बसायची तेव्हा मी हात धुऊन पेपर घेऊन ओसरीवर गेलेलो असायचो.

मग मास्तरकी कामाला आली. घरात एक जुनं कोरं हजेरीपत्रक पडून होतं. त्यात तीन दिवस मी हिच्या खाण्याची हजेरी मांडली. सकाळी चहा, दोन बिस्किटं. दुपारी एक ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, वरून अर्धी वाटी पातळ वरण. ते पातळ म्हणजे किती, तर वाटीचं बूड दिसेल इतकं. चारला परत चहा. रात्री "भूकच नाही" म्हणून दुपारची उरलेली चतकोर भाकरी आणि थोडा भात. मध्ये एकादशी आली, त्या दिवशी साबुदाणा. आता साबुदाण्यात पिष्टाशिवाय काही नसतं, पण पोट भरल्यासारखं वाटतं.

आहार सांगणाऱ्या बाईंनी दिलेला तक्ता समोर घेऊन बेरीज केली. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण १० ग्रॅम प्रोटीन, तुरीच्या डाळीत २२, दुधात सव्वातीन ते चार. हिची दिवसाची बेरीज कशीबशी २० ग्रॅमवर गेली, एकादशीला १०सुद्धा नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली जे प्रमाण दिलंय ते किलोमागे ०.८३ ग्रॅम. हिचं वजन ४८ किलो, म्हणजे निदान ४०. आणि म्हाताऱ्या माणसाला, त्यातून मोडलेलं हाड सावरत असताना, त्याहून जास्त लागतं. बाईंनी ५०चा आकडा लिहून दिला होता. पन्नासपैकी वीस! शाळेत असतो तर तांबड्या शाईनं नापास केलं असतं. पण नापास नक्की कुणाला करायचं, हा प्रश्नच होता.

(इथं एक सांगून टाकतो. कुणी वाचून लगेच ताटात प्रोटीन वाढवू नये. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही. आम्ही हिच्या रक्ताच्या तपासण्या दाखवून विचारलं होतं.)

आता खायला घालायचं काय? अंडं ही खात नाही. डाळ घट्ट केली की "जड पडते". दुधाचा पेला समोर ठेवला तर तो सायंकाळपर्यंत तिथंच असतो. दातांची कवळी असल्यानं मोड आलेली मटकी चावत नाही, भाकरीचा पापुद्रा तेवढा जातो. त्यात रविवारी आमच्या नातीचा व्हिडिओ कॉल आला, कॅलिफोर्नियाहून. तिला सगळी कहाणी सांगितली. ती म्हणाली, "आजोबा, कॉटेज चीजचे टॅको करा. वीस मिनिटं लागतात. इकडं सगळे तेच खातायत."

तिची रीत अशी: कॉटेज चीज आणि अंडं मिक्सरमधून काढायचं, कागदावर पातळ पसरायचं, ओव्हनमध्ये भाजायचं. झाली पोळी. ती दुमडून आत सारण भरायचं. आमच्याकडं ओव्हन नाही, अंडं चालत नाही आणि कॉटेज चीज म्हणजे काय ते माहीत नाही. बाकी सगळी तयारी होती!

कॉटेज चीज म्हणजे पनीर, असंच मी समजत होतो, कारण आपल्याकडच्या हॉटेलांच्या इंग्रजी मेनूकार्डावर तसंच छापलेलं असतं. तसं नाही म्हणे. पनीर आपण तापलेल्या दुधात लिंबू पिळून करतो आणि दाबून वडी पाडतो. त्यांचं ते साय काढलेल्या दुधाला विरजण लावून करतात, दही घट्ट झालं की कापतात, हळूहळू तापवतात, धुतात आणि वरून जरा साय-मीठ घालतात. ओलसर, दाणेदार, किंचित आंबट. शंभर ग्रॅममध्ये ११-१२ ग्रॅम प्रोटीन. पनीर घट्ट असल्यानं त्यात १८च्या आसपास, पण स्निग्धही बरंच. लोणी काढून उरलेल्या दुधाचा हा गोरगरिबांच्या झोपडीतला पदार्थ, म्हणून नावात कॉटेज. २०२३ पासून तिकडं मोबाईलवरच्या व्हिडिओंमुळे त्याला परत दिवस आलेत, असं नात म्हणाली.

आधी मी सोपा रस्ता धरला, पनीर विकत आणलं. कुठून ते सांगत नाही. रबरासारखं लागलं. आमच्या शाळेत विज्ञान शिकवणारे एक सहकारी होते, ते मुलांना बटाट्यावर आयोडीनचा थेंब टाकून दाखवायचे. मी इतिहास-मराठीवाला, पण दाराशी उभा राहून पाहायचो. तो प्रयोग आठवला. तुकडा पाण्यात उकळला, गार केला, टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकले. काळा-निळा! म्हणजे त्यात पिष्ट मिसळलेलं. ज्या पिष्टातून हिला बाहेर काढायचं, तेच पैसे देऊन घरी आणलं होतं. मग ठरवलं, दूध घरीच नासवायचं.

आणि इथं खरी अडचण आली. दूध तापत ठेवलं, लिंबू कापलं, तर ही पलीकडच्या खोलीतून ओरडली, "का करायलात तिथं?"

"दूध नासवतोय."

"अहो, काहीतरीच! चांगलं दूध कुणी हातानं नासवतं का?"

मी थबकलो. आमच्या आईचा हा नियम होता. दूध आपणहून नासलं तर साखर घालून आटवावं, लेकरांना द्यावं, पण मुद्दाम नासवू नये, गोठ्याला लागतं. आमच्या लहानपणी घरात पनीर हा शब्दच नव्हता. बंगालात छेन्याच्या मिठाया होतात हे मी पुस्तकात वाचून मुलांना शिकवलं, पण आमच्या घरी दूध फाटलं की आईचा चेहरा पडायचा. म्हैस दोन वेळचं मिळून तीन-चार शेर द्यायची. त्यातलं विकायचं, ताकाला लावायचं, आजोबांना, मग आम्हाला. आई स्वतः चहात चमचाभर घ्यायची. हिनंही सून म्हणून येऊन तेच उचललं. गोठा गेला, म्हैस गेली, दूध पिशवीतून यायला लागलं, तरी नियम राहिला.

मला एकदम १९७२ आठवलं. बी.ए. होऊन बसलो होतो, नोकरी नव्हती, दुष्काळी कामावर मस्टर मांडायचं काम मिळालं. अमेरिकेतून आलेली मिलो, म्हणजे ती लाल ज्वारी, रेशनवर मिळायची. तिची भाकरी कुणाला आवडायची नाही, पण खाल्ली सगळ्यांनी. आणि कामावरच्या मजुरांना सुकडी वाटायचे. ती अंगात ताकद यावी म्हणूनच होती. खडी फोडणाऱ्या बाया ती घ्यायच्या, चिमूटभर तोंडात टाकायच्या आणि बाकीची पदराच्या गाठीत. घरी लेकरं होती ना. मी रोज पाहायचो. मस्टरवर हजेरी मांडायचो, कुणाचे किती घनफूट झाले ते लिहायचो. गाठीत काय गेलं त्याला रकाना नव्हता.

असो. तर लिंबू पिळलं.

कृती विचारणारे विचारतील म्हणून लिहून ठेवतो. अर्धा लिटर दूध उकळून गॅस बंद करायचा, मिनिटभर थांबायचं. एका लिंबाचा रस दोन चमचे पाण्यात मिसळून थोडा थोडा घालायचा. हिरवट पाणी वेगळं झालं की बास. जास्त रस घातला की चोथा कडक होतो, पहिल्या दिवशी माझा झाला. पातळ फडक्यात गाळून वरून गार पाणी ओतायचं, म्हणजे आंबटपणा जातो. दहा मिनिटं टांगायचं, दाबायचं मुळीच नाही. मग त्यात दोन चमचे दही, मीठ, भरडलेलं जिरं. हे झालं आमचं चितेगावी कॉटेज चीज, साधारण शंभर ग्रॅम. खालचं पाणी फेकू नये, भाकरीचं पीठ त्यात छान मळलं जातं.

पोळीच्या जागी मुगाचं धिरडं. मुगाची डाळ सकाळी भिजत घालून ठेवली की संध्याकाळी वाटायला दोन मिनिटं. बेसनाचंही करून पाहिलं, पण ते हिला बाधतं. धिरडं तव्यावर मऊ असतानाच उलथन्यानं दुमडायचं, चंद्रकोरीसारखं. आत छेना, वाफवून जरा ठेचलेली मटकी, बारीक टोमॅटो, कोथिंबीर, शेंगदाण्याची चटणी, वरून लिंबू. डाळ भिजलेली असेल तर नातीची वीस मिनिटं मला पस्तीस पडतात. तिकडं खरं टॅको मक्याच्या पोळीचं असतं. मका, टोमॅटो, मिरची, शेंगदाणा हे सगळं त्या अमेरिका खंडांतूनच आपल्याकडं आलं, त्यामुळे आपलं ताट तसं कधीचंच अर्धं त्यांचं आहे. कोथिंबीर मात्र इकडून तिकडं गेली. हे मी हिला ताट वाढता वाढता ऐकवलं.

"वाढा आधी," ही म्हणाली. "इतिहास नंतर."

दोन टॅको म्हणजे २५ ग्रॅमच्या आसपास. मी मनात मोजून ठेवलं होतं. पहिला तिनं अर्धा खाल्ला आणि ठेवला. "तुम्हाला उरलं का?" मी म्हणालो, माझं झालंय. झालं नव्हतं. तिनं माझ्याकडं पाहिलं, स्वयंपाकघराकडं पाहिलं. तिला कळलं हे मला कळलं. बावन्न वर्षं हेच वाक्य ती मला सांगत आली असणार आणि मला एकदाही कळलं नव्हतं.

"दुसरं ताट आणा," ती म्हणाली. "नाहीतर मी नाही खात."

त्या दिवसापासून आम्ही समोरासमोर जेवतो. म्हणजे मी डोळ्यांनी पाहतो काय खाल्लं ते, हजेरीपत्रकाची गरज उरली नाही. तरी मांडतो, सवय आहे. अडीच महिन्यांत वजन दीड किलो वाढलं. टॅको आठवड्यातून दोनदाच, बाकीच्या दिवशी घट्ट वरण, दही, शेंगदाण्याचं कूट, आणि एकादशीला साबुदाण्याऐवजी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, असा तह झालाय. तहाची कलमं अजून रोज बदलतात. चतुर्थीला काय, यावर वाटाघाटी चालू आहेत. खुर्चीतून ती आता एका हाताच्या आधारानं उठते. दुसरा हात मोकळा असतो, बहुधा मला काहीतरी दाखवायला.

काल संध्याकाळी मी दूध तापत ठेवलं आणि लिंबू शोधत होतो. मागून वॉकरचा आवाज आला. ही ओट्यापाशी येऊन उभी राहिली, टेकून. पातेल्यात वाकून पाहिलं.

"तुम्ही फार घाई करता. अजून उकळी आली नाही नीट," ती म्हणाली. मग हात पुढं केला. "द्या इकडं लिंबू."