कल्याणचा दाता, कळंबचा प्रेक्षक

कळंबहून मुंबईची चित्रप्रदर्शनं पाहायला निघताना पुण्याचा सरळ रस्ता सोडावा आणि जुन्नर, माळशेज, कल्याण अशी वाट धरावी. शिवनेरी दुरूनच पाहिली तरी चालेल; लेण्याद्रीला मात्र थांबावं. तिथली सगळी गर्दी सातव्या लेण्यातल्या गिरिजात्मजाकडे वळते आणि शेजारचं चैत्यगृह बाजूला पडतं. त्याच्या खांबांच्या माथ्यावर हत्ती-वाघ बसलेत आणि दर्शनी भिंतीवर ब्राह्मीत एक ओळ कोरलीय: हे कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याचं दान. मोठी कला राजाश्रयावरच उभी राहते, हे मत जुन्नरपुरतं तरी टिकत नाही. क्षत्रप राजा नहपानाचा अमात्य अयम इथे अपवाद; बाकी नावं बहुतेक व्यापाऱ्यांची, श्रेणींची, पाण्याच्या दोन पोढी (टाकी) देणाऱ्या इरिल नावाच्या यवनाचीही. नाणेघाटातून चालणाऱ्या व्यापाराचा पैसा इथे दगडात उतरला. लेणी त्या काळची समकालीन कलाच होती.

मुंबईत पोहोचल्यावर काळा घोडा परिसरात तेच सूत्र पुन्हा दिसतं. १९५२ची जहांगीर आर्ट गॅलरी आणि १९९६पासून आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय जिथे आहे ते जुनं सभागृह, दोन्हींमागे एकाच पारशी घराण्याचं दान आहे. लेण्यांमागे श्रद्धा होती, गॅलरीत नुसता बाजार, असा आक्षेप कुणी घेईल. पण सुलसदत्तानंही दानासोबत आपलं नाव कोरून घेतलंच. पुण्य आणि प्रतिष्ठा तेव्हाही हातात हात घालून चालत होती. शिवाय बाजार विषय ठरवतोच असं नाही. ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत सुधीर पटवर्धनांनी वर्षानुवर्षं लोकलमधली, गिरणगावातली, उपनगरातली कष्टकरी माणसं रंगवली. २०१९मध्ये त्याच संग्रहालयात त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरलं, तेव्हा भिंतींवर आपल्याकडून मुंबईला पोट भरायला गेलेल्यांसारखीच माणसं होती.

‘हे आपल्याला कळायचं नाही’ ही तक्रार मात्र गंभीरपणे घ्यायला हवी. जुन्नर-आंबेगावचे डबेवाले फोर्टात रोज डबे पोहोचवतात. जहांगीरला तिकीट नाही, तरी आत किती जण जातात? दोष त्यांच्या समजेचा नाही. लेण्यांचे दाते प्राकृतात, लोकांच्या बोलीत लिहीत. आज बऱ्याच दालनांत चित्राशेजारची माहिती फक्त इंग्रजीत असते आणि तीही बोजड. तिथे सोप्या मराठीत चार ओळी लावायला फारसा खर्च येत नाही. प्रेक्षक येत नाहीत म्हणणाऱ्यांनी आधी एवढं करावं.