सम संख्येची अट

नवा क्वांटम कोड बांधायला घेतला की माझी नजर आधी दोन तपासण्यांमध्ये किती क्यूबिट (क्वांटम बिट) सामाईक आहेत याकडे जाते. कोड किती चुका झेलतो, डीकोडर किती वेगवान, हे सगळं नंतर.

क्यूबिटमध्ये बिट उलटतो, तशी फेजही उलटते. क्यूबिटची नक्कल काढता येत नाही आणि थेट वाचला तर अवस्थाच मोडते. म्हणून क्यूबिटांच्या गटाला फक्त सम की विषम एवढंच विचारायचं; हीच तपासणी. बिटच्या चुका एक क्लासिकल कोड पकडतो, फेजच्या दुसरा. दोघांच्या तपासण्यांनी एकमेकींची उत्तरं बिघडवू नयेत, यासाठी पहिल्याच्या प्रत्येक तपासणीचे दुसऱ्याच्या प्रत्येक तपासणीशी सामाईक क्यूबिट सम हवेत. काल्डरबँक आणि शोर यांनी, तसंच स्वतंत्रपणे स्टीन यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या रीतीचं मर्म हेच.

हॅमिंगच्या १९५० च्या कोडच्या तीन ओळी लिहून बघा: १०१०१०१, ०११००११, ०००११११. पाचवा बिट उलटला तर पहिली आणि तिसरी तपासणी विषम येते. उत्तरं शेवटून वाचली की १०१, म्हणजे पाच. चूक आपला पत्ता आपणच सांगते. आणि कुठल्याही दोन ओळींत सामाईक एकचे अंक बरोबर दोनच. त्याच ओळी बिटसाठी आणि फेजसाठी वापरल्या की सात क्यूबिटांत एक सुरक्षित राहतो. हा स्टीनचा कोड मला आजही देखणा वाटतो.

खरी ओढाताण विरळ कोडांत, म्हणजे जिथे प्रत्येक तपासणीत मोजकेच बिट असतात. तिथे क्लासिकल शिकवण अशी, की दोन तपासण्यांत एकाहून जास्त बिट सामाईक नकोत, नाहीतर डीकोडरने पाठवलेला अंदाज लगेच फिरून त्याच्याकडेच येतो. क्वांटमची अट उलटी: सामाईक असतील तर निदान दोन. शिवाय दोन्हीकडे एकच कोड वापरला, तर त्याची प्रत्येक विरळ ओळ त्याच कोडमधला हलका, म्हणजे मोजक्याच एकांचा, शब्द ठरते. क्लासिकल नजरेला हा दोष. पण नेमकी त्या ओळीच्याच जागांवर पडलेली चूक क्वांटम अवस्थेला काहीच करत नाही, ती दुरुस्तच करायची नसते! ही नजर बसायला वेळ लागतो, आणि माझ्या मते या कामातला सगळा आनंद तिथे आहे.

तिलिक आणि झेमोर यांनी २००९ मध्ये कुठलेही दोन क्लासिकल कोड चालतील असा कोडांचा गुणाकार दिला. त्यात समतेची अट तपासताना तेच पद दोन वाटांनी दोनदा येतं आणि एक अधिक एक शून्य होऊन अट आपोआप पाळली जाते. हॅमिंगच्या कोडचा स्वतःशीच असा गुणाकार केला की ५८ क्यूबिटांत १६ सुरक्षित. मात्र या रीतीत कोडचं अंतर, म्हणजे नकळत नुकसान करणाऱ्या सर्वांत लहान चुकीचा आकार, फार तर लांबीच्या वर्गमुळाएवढंच वाढतं. पँटेलीव आणि कलाचेव यांनी २०२१ मध्ये ती मर्यादा ओलांडून लांबीच्या प्रमाणात वाढणारं अंतर मिळवलं. तरी शिकायला आलेल्या मुलांना मी आधी ५८ चाच कोड हाताने मांडायला लावते; त्यातली प्रत्येक समता कागदावर मोजून बघता येते.