उपरण्याचं टोक

आजोबांचं उपरणं धुताना आज्जी नेहमी कुरकुरायची. त्याला कुत्र्याचा वास यायचा. थंडीच्या दिवसांत ते आजोबांच्या खांद्यावर कमी आणि राजाच्या गळ्यात जास्त असे. पट्ट्यातून उपरणं ओवायचं, दोन्ही टोकं मुठीत धरायची आणि समोर जनावर उठलं की एक टोक सोडायचं. उपरणं सुळकन निसटायचं, कुत्रा मोकळा. साखळीची कडी काढत बसलं तर तेवढ्यात खोकड दोन बांध ओलांडून जातं, असं आजोबांचं म्हणणं.

हे १९६८-६९च्या आसपासचं, जत तालुक्यातलं. आमच्याकडे राजा आणि चंद्री अशी कारवानी जोडी होती. मुधोळकडची जात. लांब तोंड, खोल छाती आणि कंबर एवढी बारीक की पाहुण्यांना वाटायचं, ह्या घरात कुत्र्याला खायला घालत नाहीत. म्हणून पाहुणे आले की आज्जी मुद्दाम ओसरीवर त्यांच्यादेखत ताकात भाकरी कुस्करायची. राजा दोन घास खाऊन बाजूला व्हायचा आणि आज्जीची अब्रू जायची.

मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी, विशेषतः मालोजीराव राजांनी, ही जात जोपासली. त्यांनी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला एक जोडी नजर केली, ही गोष्ट आमच्या गावातला प्रत्येक म्हातारा स्वतः तिथे हजर असल्यासारखी सांगायचा. राजाही आपण त्याच घराण्यातले असल्यासारखा उंबऱ्यावर पंजावर पंजा ठेवून बसायचा.

आता खोकडाविषयी सांगायला हवं, कारण शहरात जन्मलेल्या वाचकाने ते बहुधा पाहिलेलं नसतं. खोकड म्हणजे कोल्हा नव्हे. कोल्हा मोठा, टोळक्याने हिंडणारा, रात्री कुई करणारा. खोकड त्याच्या निम्म्यानेही नसतं. दोन-तीन किलोचा जीव, मोठे कान आणि टोकाला काळी असलेली झुपकेदार शेपटी. उंदीर, टोळ, वाळवी, पडलेली बोरं, जे मिळेल त्यावर गुजराण. इंग्रजी गोष्टींतला ‘फॉक्स’ मराठीत आला तेव्हा भाषांतर करणाऱ्यांनी त्याला सरसकट कोल्हा करून टाकलं. द्राक्षं कोल्ह्याला आंबट लागली, आपल्या म्हणीत काकडीला राजीही कोल्हाच. खोकडाच्या वाट्याला धड एक म्हणही आली नाही.

पौष महिन्यात, उन्हं वर यायच्या आत माणसं माळावर जायची. सात-आठ जण एका ओळीत, दोघांमध्ये वीस-पंचवीस पावलांचं अंतर. तरवडाच्या झुडपांवर काठ्या मारत पुढे सरकायचं. मध्यभागी आजोबा आणि त्यांच्या मुठीत उपरणं. मी त्यांच्या मागे, चप्पल हातात घेऊन, कारण चपलेचा आवाज होतो. कारवानी कुत्रा वास काढत बसत नाही. तो डोळ्यांवर पळतो. त्यामुळे जनावर दिसेपर्यंत राजा अगदी सुस्त, लग्नात कंटाळलेल्या माणसासारखा. आणि मग कुणीतरी ओरडायचं, ‘उठलं रं!’

बहुतेक वेळा ससाच असायचा. पण खोकड उठलं तर तो दिवस वेगळा. सरळ धावेत खोकडाचा राजापुढे टिकाव लागत नसे. दोनशे पावलांत राजा त्याच्या शेपटीशी. आणि मग ते खोकड शेपटी एका बाजूला झोकायचं आणि स्वतः दुसऱ्या बाजूला वळायचं. राजा त्याच वेगात पुढे जायचा, चार कोलांट्या, धुळीचा लोट. तो वळून येईपर्यंत खोकड पुन्हा लांब. असं तीन-चार वेळा झालं की बीळ यायचं. खोकडाच्या बिळाला एक तोंड कधीच नसतं. पाच, सात, कधी त्याहून जास्त. राजा एका तोंडाशी माती उकरत असताना ते दुसऱ्या तोंडातून बाहेर बघत असायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ‘गेलं की वाड्यात!’ असं म्हणून आजोबा तंबाखू मळायला बसायचे. चिडायचे नाहीत. खोकड निसटलं की ते जास्त खुशीत असत, असं मला तेव्हाही वाटायचं. त्याचं मांस कुणी खात नव्हतं. कोंबड्या नेतं, असं एक कारण सांगितलं जायचं, पण आमच्या कोंबड्या मांजरानेच जास्त नेल्या.

सगळेच दिवस असे खुशीचे नव्हते. एकदा फाल्गुनात, म्हणजे खरं तर जाऊ नये अशा दिवसांत, चंद्रीने एक खोकड धरलं. आजोबांनी ते उचललं आणि तसेच उभे राहिले. मादी होती. ‘दूध हाय रं अंगाला,’ एवढंच म्हणाले. आम्ही सायंकाळपर्यंत ते बीळ शोधलं. मिळालं नाही. घरी आल्यावर आज्जीने कुणी काही सांगायच्या आत ओळखलं. त्या रात्री तिने आजोबांना वाढलं, पण त्यांच्याशी बोलली नाही. उपरणं दिवाळीपर्यंत खुंटीला होतं.

गोऱ्या साहेबांचा शौक ह्याहून थाटाचा. लाल कोट, घोडे, विलायतेहून बोटीने आणलेली फॉक्सहाउंड कुत्री. इथे त्यांना हवा तसा फॉक्स मिळेना, म्हणून ते कोल्ह्यामागे धावत. ज्यांना विलायती कुत्री परवडत नसत ते मिळतील ती गावठी-बिनगावठी कुत्री गोळा करत आणि त्या लटांबराला ‘बॉबरी पॅक’ म्हणत. हा बॉबरी शब्द आपल्या ‘बाप रे’चा आहे, असं १८८६च्या हॉब्सन-जॉब्सन कोशात दिलंय. ती कुत्री अंगावर येताना बघून पहिल्यांदा ‘बाप रे’ म्हणणारा माणूस बहुधा शेतकरी असावा.

आणखी एक गोष्ट तेव्हा कळली नव्हती. माळावर पारधीही असत. पोटासाठी तितर-ससे धरायचे. पाटलाने कुत्रं सोडलं तर तो शौक आणि पारध्याने फास लावला तर चावडीवर बोलावणं. १८७१च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, १९५२ साली तो कायदा गेला, पण चावडी काही लगेच बदलली नाही. आजोबांच्या आठवणी मी प्रेमाने सांगतो, पण हे वगळून सांगता येत नाहीत.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आमच्या गावाला त्याचा पत्ता नव्हता, कारण त्याच साली दुष्काळ पडला. माणसं खडी फोडायला गेली, सुकडी खाऊन दिवस काढले. ताकच नाही तिथे कुत्र्याला काय घालणार? राजा त्याच उन्हाळ्यात गेला. चंद्री एका नातेवाइकाला दिली. उपरणं पुढे फाटून पोतेरं झालं. शिकारीला परवान्याने जी फट होती तीही १९९१च्या दुरुस्तीने बुजली. झालं ते बरंच झालं. त्याबद्दल माझ्या मनात दुमत नाही.

परवा दिवाळीत त्या माळावर गेलो. माळ म्हणायचं ते सवयीने. म्हैसाळ योजनेचं पाणी आलंय, जिथे चंद्री पळायची तिथे डाळिंब आहे, शेजारी द्राक्षाचा मांडव, तारेचं कुंपण, टेकाडावर पवनचक्क्या. हे बघून हळहळावं, तर आईने डोक्यावरून आणलेल्या घागरी आठवतात, आणि हळहळायची लाज वाटते. पाणी यायलाच हवं होतं. माझी तक्रार वेगळी आहे. सरकारी कागदावर गवताळ माळाला ‘पडीक’ म्हणतात. पडीक म्हटलं की कुणालाही तिथे काहीही करावंसं वाटतं. शेततळं काढा, मुरूम न्या, नाहीतर झाडं लावून फोटो काढा. खोकडाला झाड नको असतं, त्याला उघडं गवत आणि न नांगरलेली माती लागते, हे लक्षात कोण घेतो? इंदापूरकडे कडबनवाडीला वन खात्याने माळरानाची सफारी सुरू केली आहे. तिथे लोक तिकीट काढून खोकड बघतात. आजोबांना हे सांगितलं असतं तर त्यांनी आधी तिकिटाचा दर विचारला असता.

राजाच्या वंशाचं मात्र भलं झालं. २००५च्या जानेवारीत टपाल खात्याने मुधोळ हाउंडचं तिकीट काढलं. गंमत म्हणजे पुढच्याच महिन्यात इंग्लंड-वेल्समध्ये कुत्र्यांनी फॉक्सची शिकार करण्यावर बंदी आली. २०१६ साली मुधोळची पिल्लं मेरठला सैन्याच्या केंद्रात गेली. पुण्यात माझ्या भाच्याकडे पाचव्या मजल्यावर एक आहे, ‘सिंबा’. पाकिटातलं खातो, लिफ्टने उतरतो. भाचा त्याला माझ्याबरोबर गावी घेऊन आला होता. डाळिंबाच्या कुंपणापलीकडे गवताचा एक पट्टा उरलाय, तिथे काहीतरी हललं. सिंबाचे कान वर झाले, अंग ताठलं. ह्या पोराने आयुष्यात कबुतराखेरीज काही पाहिलेलं नाही, तरीही. भाच्याने पट्टा मनगटाला दोन वेढे दिला. मी नकळत मूठ आवळून उभा होतो.

खोकडच होतं. बारीक, शेपटीचे केस झडलेलं. आणि त्याच्यामागे, सावकाश, गावातली तीन भटकी कुत्री. कुणी सोडलेली नाहीत, कुणी परत बोलावणारंही नाही. राजा वर्षातून आठ-दहा सकाळी माळावर जायचा. ही रोज तिथेच असतात. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर संशोधकांनी खोकडांचा आणि गावकुत्र्यांचा बरीच वर्षं अभ्यास केलाय. कुत्री जिथे फिरतात तिथे खोकड पोटभर खायलाही थांबत नाही, आणि कुत्र्यांतले डिस्टेंपर, पार्व्होसारखे रोग खोकडांपर्यंत पोचतात, असं त्यातून दिसलं.

भाच्याने आणि गावातल्या चार पोरांनी मिळून गेल्या महिन्यात कुत्र्यांना लस टोचायचं शिबिर घेतलं. रेबीजची लस फुकट मिळाली, डिस्टेंपरच्या लशीला वर्गणी काढावी लागली. बावीस कुत्री धरली. तेविसावं, काळं, एका कानाचं, हाती लागलं नाही. ते माळाकडे पळालं.